आधी काय द्यावे?

सन २०१९ च्या पौषात, बीड तालुक्यातील पालीनजीकच्या एका वस्तीवर, महादेवाच्या ओट्यावर बायकांना बसवून आरोग्याविषयी लोकमत घेण्यात आले. पाहणीला आलेल्या ताईंचा प्रश्न एकच होता: सरकारने सर्वांत आधी काय द्यावे?

"विम्याचं कार्ड!" राजनंदिनी तडक म्हणाली. "आमी वेगळं निघालो तवा कार्ड या माझ्या जाऊबाईंकडं राहिलं. कावेरीआक्कांचं आपरेशन सगळं फुकटात झालं. माझंबी तसंच पोट दुखायचं, त्याच डाक्टरकडं गेलते. कार्ड न्हाई म्हणल्यावर गोळ्या हातावर ठिवल्या अन् दिलं हाकलून."

बायका हसल्या.

"मग?" ताईंनी विचारले.

"मग काय, गोळ्यांनीच दुखायचं राहिलं बगा." सहाव्या महिन्याचे पोट सावरीत तिने मांडी बदलली.

कावेरी ऐकत होती. त्या डॉक्टरने नाडी पाहण्याआधी तिचे कार्ड पाहिले होते, आणि ते हातात धरूनच गर्भाची पिशवी काढल्यावाचून गत्यंतर नाही, असे सांगितले होते. तेव्हा तिला चोविसावे लागले होते आणि पदरी एकच मुलगी होती. आता तिचे काही दुखत नव्हते. तिला काही वाटतही नव्हते.

"आक्का, तुमी बी सांगा की! कार्डवाल्यांचं तोंड शिवलंय का?" राजनंदिनीने तिला कोपराने ढोसले.

कावेरीने जावेच्या पोटाकडे पाहिले, मग ताईंकडे.

"लिवा ताई," ती म्हणाली, "हिला कार्ड देऊ नका."