दार ओढून घे

तिकीट खिडकीच्या काचेवर कागद चिकटवला होता: आजचा प्रयोग शेवटचा. थोरलीने तो दोनदा वाचला आणि मग धाकट्या जावेकडे अशा नजरेने पाहिलं, जणू नाटक तिनेच बंद पाडलं होतं.

"अजून दोन महिने चालणार म्हणाला होतात ना?" औषधांच्या दुकानाचा मालक खिडकीतल्या माणसाशी वाद घालत होता. तो एकही प्रयोग न चुकवणारा, कायम पहिल्या रांगेतला.

"निम्म्या खुर्च्या रिकाम्या जातात. खुर्च्यांना नाटक दाखवायचं का?"

दुकानवाल्याने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि निमूटपणे तिकीट घेतलं. थोरलीला मात्र रडू येईना, रागच येत होता. हे नाटक तिचं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासताना ती त्यातल्या आईची वाक्यं पुटपुटत बसायची, आणि गिऱ्हाईक विचारायचं, माझ्याशी बोलताय का. नवरा कंटाळून यायचा थांबला तेव्हा त्याचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून तिने धाकटीला सोबत आणलं. तिथेच तिने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

कारण धाकटी हसायची. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून निघून जातो, दार लागतं, आई त्या बंद दाराकडे बघत राहते आणि म्हणते, "जाताना दार ओढून घे." सगळे डोळे पुसायचे. आणि त्या शांततेत धाकटीचं हसू फुटायचं. पदराआड फिस्कन नव्हे, चांगलं खळखळून. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अहो ताई, दार तर लागलेलंच होतं," धाकटी दर वेळी म्हणायची. "आमची आई अशीच. बस सुटून गेली तरी रस्त्यावर उभी राहून सांगायची, जपून चढ गं."

आज दुपारी, शेवटच्या प्रयोगालाही ती हसलीच.

पडदा पडल्यावर नेहमीची मंडळी मागच्या गल्लीत, कलाकारांच्या दाराशी जमली. थोरली सगळ्यांत पुढे. काय बोलायचं ते तिने मनात घोळवून ठेवलं होतं. आईचं काम करणारी नटी बाहेर आली ती तोंड धुऊन, खांद्याला कापडी पिशवी लावून. रंगमंचावर दिसायची त्यापेक्षा बरीच लहानखुरी होती.

"तुमचं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे," थोरली म्हणाली.

"हो का? छान," नटी म्हणाली. सगळ्यांना म्हणत होती तसंच. मग तिने टाचा उंचावून गर्दीवर नजर टाकली. "ती बाई आली आहे का हो आज? दार लागल्यावर हसते ती?"

"आम्हालाही तिचा फार वैताग यायचा, बाई," दुकानवाला म्हणाला.

"वैताग कसला? तिच्यासाठी थांबायचे मी. दिव्यांमुळे समोरचं काही दिसत नाही. माणसं बसलीत की नुसत्याच खुर्च्या, कळत नाही. ते हसू आलं की जिवात जीव यायचा. एका संध्याकाळी ते आलंच नाही, तर मला पुढचं वाक्य आठवेना. नुसती दाराकडे बघत उभी राहिले."

थोरलीला ती संध्याकाळ आठवली. धाकटी तापाने पडली होती. थोरली एकटीच आली होती आणि एकदाचं नाटक शांतपणे बघायला मिळालं म्हणून खूश होती. आई दाराशी कितीतरी वेळ गप्प उभी राहिली, तेव्हा काय हा अभिनय, म्हणून तिचे डोळे भरून आले होते.

तिचा जळफळाट झाला. सगळं नाटक पाठ करायचं तिने, आणि वाट बघायची हिची? हिला तर नाटकाचं नावसुद्धा धड सांगता येत नव्हतं. धाकटी तिच्या मागेच उभी होती, काही तरी बोलायला तोंड उघडत होती.

"मीच ती," थोरली म्हणाली.

नटीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात ऊबदार होते. "मग जाता जाता एकदा हसा ना. आता पुन्हा कुठे ऐकायला मिळणार?"

थोरलीने तोंड उघडलं. घसा खाकरल्यासारखा आवाज आला. तिने डोळे मिटून ते दार आठवलं, ती आई आठवली, तर रडूच यायला लागलं. गल्लीत सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. तिने पुन्हा एकदा ओठ फाकवले.

मागून धाकटी हसली. जावेची लाज झाकायला नव्हे, की तिला उघडं पाडायलाही नव्हे. तिला आवरलंच नाही. नको तिथे, सगळे गप्प असताना, नेहमीसारखं खळखळून.

नटीने थोरलीचे हात सोडले नाहीत, उलट आणखी घट्ट धरले. पण तिची नजर थोरलीच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती आणि तिचा सगळा चेहरा उजळला होता. आता आपण बाजूला व्हायला हवं, हे थोरलीला कळत होतं. तिला ते हात सोडवेनात.