कारण विचारायचं नाही

"हा अहवाल आहे का डांबरी रस्ता?" रोवेना स्टकीने कागद काचेवर आपटला.

काचेपलीकडे लॉयल प्रुइट. शेरीफच्या कचेरीतली नोंदींची खिडकी कित्येक वर्षं तोच सांभाळतो. कागदावर एवढंच शिल्लक होतं:

दार ■■■■■■■■ फोडलं. बाईच्या ■■■■■■■■ रक्त. मुलीला उचलून गाडीत ठेवलं. तक्रार ■■■■■■■■. बाई रडत म्हणाली, ■■■■■■■■■■■■■■■■.

"नियमच आहे तसा, मिस रोवेना."

"तुझे नियम मला नको शिकवू. तुरुंगात पोरगा मेला तेव्हाही नियमच होता. चित्रफीत खराब झाली म्हणालास. न्यायाधीशांनी कान उपटले आणि त्याच दुपारी फीत ठणठणीत बरी झाली!"

रांगेत कुणीतरी खिदळलं. ते खरं होतं, आणि साऱ्या काउंटीला ठाऊक होतं, कारण रोवेनाने ते आपल्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर छापलं होतं. तेव्हापासून गांजलेली माणसं आधी तिच्या दारात येत.

आज सकाळी आला तो कर्टिस हॅल्व्हर्सन. आता तो तिच्या मागे उभा होता. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात लहान मुलीचं जांभळं जाकीट. माल पोचवायला ट्रक घेऊन गेला होता. परतला तर दार मोडलेलं, घर रिकामं. शेरीफच्या गाड्या येऊन गेल्याचं कळलं, बाकी काही नाही. बायको मार्ला, मुलगी टेसी, दोघींचा पत्ता नाही. शेजारी त्याला पाहिलं की पडदे ओढून घेतात.

भेदरवून ठेवलंय सगळ्यांना, रोवेनाच्या मनात आलं.

दार फोडलं. कुणी? ■■■.
रक्त आलं. कुणामुळे? ■■■.
मूल उचललं. कुणाच्या हुकुमाने? ■■■.

काळ्या पट्टीखाली काय असतं, ते तिला आता पाठ झालं होतं. शेरीफ असतो.

"मला न विचारता ती दुकानातसुद्धा जात नाही हो," कर्टिस हळूच म्हणाला. "मला भांडण नको, बाई. शेवटचं पान मिळालं तरी पुरे."

"शेवटचं पान? सगळी पानं मिळतील तुम्हाला!"

इतका शांत माणूस. त्याच्या वाटणीचाही राग तिलाच येत होता.

लॉयल काचेतल्या भोकाजवळ वाकला. तिच्याकडे न बघता त्याने कर्टिसला विचारलं, "साहेब, तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

"ए!" रोवेनाची मूठ फळीवर आदळली. "काय विचारलंस? पुन्हा विचार. सगळ्यांसमोर विचार!"

"मी फक्त..."

"कारण विचारायचं नाही. कायदा आहे! नोंद जनतेची आहे, तुझ्या बापाची नाही. कारण तू द्यायचंस. प्रत्येक काळ्या पट्टीचं, लेखी. न्यायाधीशांनी तसं बजावलंय ना? लिही. मी थांबते."

लॉयलने पेन उचललं. कर्टिसकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"लिहिता येत नाही."

"शाळेत शिकवलं नाही वाटतं," रांगेतला म्हातारा म्हणाला. "लॉयल, काळी शाई घाऊक आणतोस का रे?"

हशा झाला. लॉयलचे कान लाल झाले.

"मिस रोवेना, आत या. दोनच मिनिटं. तुम्ही एकट्या."

"आत? बंद दाराआड? तुमचं सगळं तिथेच तर चालतं. जे बोलायचं ते याच्यासमोर बोल."

"याच्यासमोर नाही बोलता येत."

"ऐकलंत?" ती रांगेकडे वळली. "ज्याची बायको, ज्याची पोर, त्याच्याच समोर बोलता येत नाही! वर फोन लाव. सांग, लेखी कारण नाही, म्हणून स्टकीबाई पुन्हा कोर्टात निघालीय."

लॉयलने फोन लावला. वरच्या मजल्यावर काउंटीचे वकील बसत. "सर, तुम्ही हे एकदा वाचा तरी..." तो म्हणाला. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. "हो सर. देतो."

प्रिंटरने कोरे करकरीत, पट्ट्या नसलेले कागद बाहेर टाकले. लॉयलने ते लगेच उचलले नाहीत.

"पुन्हा सांगतो, आत या."

"दे."

त्याने कागद खाचेतून सरकवले. कर्टिसने गठ्ठा उलटा केला आणि शेवटचं पान काढलं. ओठ हलवत एक ओळ वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. पानाची घडी करून त्याने ती जांभळ्या जाकिटाच्या खिशात घातली.

"थंडी पडायला लागली," तो म्हणाला. "टेसीला लागेल हे. उपकार झाले, बाई."

दार ढकलून तो गेला. म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या, आणखी दोघांनी साथ दिली. बाहेर ट्रकचं इंजिन धडधडलं.

लॉयलने फोन पुन्हा उचलला होता. नंबर फिरवताना त्याची बोटं चुकत होती. "उचला," तो पुटपुटत होता. "उचला, उचला..."

"कर, खुशाल कर माझी तक्रार शेरीफकडे!" रोवेना म्हणाली.

बाकीची पानं फळीवर तशीच पडली होती. मथळा इथेच मिळेल म्हणून तिने चष्मा चढवला आणि पहिलं पान उचललं.

दार बाहेरून कुलूपबंद असल्याने फोडलं. बाईच्या कानाखाली सुकलेलं रक्त. मुलीला उचलून गाडीत ठेवलं. तक्रार द्यायला घाबरते. बाई रडत म्हणाली, आम्हाला कुठे नेताय ते कर्टिसला कळू देऊ नका.