राणीचं अंडं

आपलं खाणं आपण पिकवायला पोरांनी शिकावं, म्हणून बळीराम सरांनी उमरेड रोडवरच्या शाळेत कोंबड्या आणल्या आणि एकेका पोराला एकेक सांभाळायला दिली. मिळतील ती अंडी रुख्माबाई उकडायच्या आणि खिचडीसोबत पोरांनाच वाटायच्या. पाचवीतली प्रणाली तर आपलं संपवून दुसरं मागायची.

तिची राणी मात्र एकही अंडं देईना. "फुकट खाणारीचा आपण सावजी रस्सा करू," सर गमतीनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राणीच्या टोपलीत अंडं! मग दिवसाआड येतच राहिलं. "पाहा, जीव लावला की कोंबडीही मनावर घेते," असं सर वर्गावर्गांत सांगत सुटले.

शुक्रवारी भुर्जीचा बेत ठरला. "पहिलं राणीचं फोडा," म्हणत सरांनी ते अंडं स्वतः नेऊन दिलं. रुख्माबाईंनी ते कढईच्या काठावर आपटलं आणि बघतच राहिल्या.

"या जी सर, तुमची राणी तं उकडलेलं अंडं देऊन राहिली!"

सर वळले. प्रणाली राणीला पोटाशी धरून दारात उभी होती.

"रस्सा नका करू सर," ती म्हणाली. "मले अंडं तसंबी आवडत नाही."