झाकणाच्या आतली खूण

ओरेस्तेने शर्यतीच्या जुन्या गाडीचा पाण्याचा पंप उघडला आणि झाकणाची आतली बाजू पाहून तो थबकला. मोदेनातला प्रत्येक कारागीर आपली खूण तिथेच ठोकायचा. चाळीस वर्षांपूर्वी याच पंपाने दगा दिला, इंजिन उकळलं, हातची शर्यत गेली. पंप न उघडताच ठपका मुख्य कारागीर नेल्लोवर आला, त्याची नोकरी गेली. ती जागा त्याच्या हाताखालच्या ओरेस्तेला मिळाली. झाकणावरची खूण मात्र ओरेस्तेची होती. समोर नेल्लो रोजच्यासारखा कॉफी पीत बसला होता. "कुणाची खूण रे? माझीच ना?" "गंजलीय. वाचता येत नाही," म्हणत ओरेस्तेने कानस उचलली. "ॲल्युमिनियम कधीपासून गंजायला लागलं?" नेल्लोने कप खाली ठेवला. ओरेस्तेला कानस चालवता येईना, ठेवता येईना. "घास, बाबा," नेल्लो म्हणाला, "पण बेतानं. झाकण पातळ आहे. भोक पडलं, तर पुन्हा माझ्याच नावावर गळेल."