बाळसं

नव्या टॅबवर हिरवा गोळा उमटला आणि अंगणवाडीच्या दुर्गाबाईंनी आनंदानं टाळीच वाजवली. चौदा महिन्यांची आकांक्षा गेल्या महिन्यात पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात, होती. आज काट्यावर सात किलो सहाशे भरली. एका महिन्यात आठशे ग्रॅम!

"दीपमाला, बाळसं धरलं की गं पोरीनं!"

दीपमालेचा चेहरा उजळला. सून कापूस वेचायला जाते अन् लेकराला चहा-बिस्किटावर ठेवते, असं तिची सासू चतुराबाई गल्लीभर सांगत फिरायची. आता सासूचं तोंड बंद करायला सरकारी हिरवा गोळा मिळाला होता.

"चांदीचे वाळे बी निघनात वो बाई," ती कौतुकानं म्हणाली. "मागल्या महिन्याला पायातून गळून पडायले होते."

वजनाआधी वाळे काढायचे, हा दुर्गाबाईंचाच नियम. पण मागं रांग होती. "राहू दे. वाळ्याचं वजन करते वजा. जल्दी कर, पुढच्या लेकराला घेऊ दे."

जुन्या टॅबनं त्यांना चार वर्षं रडवलं होतं. आडमुठ्या बैलासारखा तो. एक नाव उघडायचं म्हटलं की पडद्यावरचं चक्र पाच-पाच मिनिटं गरगरत राहायचं. तोवर करायचं काय? दुर्गाबाई लेकराला मांडीवर घ्यायच्या. पापणी ओढून बघायच्या, काय खाऊ घातलं ते आईला विचारायच्या, तळपाय गोंजारायच्या, पावलावर अंगठा दाबून तीनपर्यंत मोजायच्या. प्रशिक्षणात लागलेली सवय. चक्र थांबलं की लेकरू खाली ठेवायच्या आणि टॅबला चार शिव्या हासडायच्या.

नव्यानं मात्र पांग फेडले. बोट लावायचा अवकाश, नाव हजर. वजन भरलं की लगेच रंग. त्या दिवशी अडतीस लेकरं तासाभरात उरकली. दुपारी पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला, तालुक्यात सगळ्यांत आधी तुमचंच काम झालं म्हणून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी शाबासकी दिली होती. दुर्गाबाईंनी टॅब पदरानं पुसला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तेवढेही धड गेले नाहीत. आठव्या दिवशी सकाळी निरोप आला, आकांक्षा गेली. रात्री जुलाब लागले होते. जालन्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं डोळे मिटले होते.

दुर्गाबाई धावत गेल्या. अंगणात पांढऱ्या फडक्यावर पोर निजवली होती. नजर लागू नये म्हणून हिरव्या गोळ्याच्या दिवसापासून चतुराबाई नातीच्या गालाला रोज काजळाची तीट लावत होती, ती अजून तशीच होती. माती द्यायच्या आधी वाळे काढायला हवे होते. चतुराबाई पायाला गोडंतेल चोळून ओढत होती. वाळे हलत नव्हते.

"डाक्टर म्हणले, अंगावर मांस नव्हतंच," वर न बघता ती बोलली. "भुकेची सूज व्हती. समदं पाणी. म्हणले, पावलावर अंगठा दाबून कुणी पाह्यलं न्हाई का?"

कोपऱ्यात बसलेली दीपमाला रडतही नव्हती. तिनं दुर्गाबाईंकडं पाहिलं. "जुलाबानं पोट खपाटीला गेल्तं, तरी मी भ्याले न्हाई. बाई, तुम्हीच म्हणल्या ना, बाळसं धरलंय."

टॅब चुकला नव्हता. काटाही चुकला नव्हता. दुर्गाबाई चतुराबाईजवळ बसल्या आणि तिच्या हातातला तो इवलासा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. वाळ्याखाली कातडीत खोल खाच पडली होती. त्यांचा अंगठा आपसूक पावलावर गेला. त्यांनी तो दाबून धरला. एक, दोन, तीन.

अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. माणसं उठली, कुणी कुदळ घेतली, कुणी हाक मारली. दुर्गाबाई तो खळगा भरायची वाट बघत बसल्या.