सलाइनवरची गाडी

“बापू, बाटली खांद्याच्या वर धर. खाली गेली का पेट्रोल उतरत न्हाई,” सुदामनं बजावलं.

“धरतो की. बापाला शिकवून राहिला व्हय?” मागच्या सीटवरून भावसिंग गुरकावला.

सुदामनं मोटरसायकलच्या टाकीतून येणारं पेट्रोल बंद करून ठेवलं होतं. पेट्रोल मोजून सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भरलं होतं. बाटलीची नळी सायलेन्सरवर गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्याला जोडली होती. तिथं पेट्रोल तापून त्याची वाफ व्हायची आणि ती वाफ इंजिनात जायची. पातळ पेट्रोल अर्धवट जळतं, वाफ पुरती जळते, असं सुदामचं म्हणणं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, तसंच. सेनगावच्या गॅरेजात दोन वर्षं त्यानं यापायी डोकं फोडून घेतलं होतं.

भावसिंगची जुनी जीप होती. तिला हे यंत्र बसवू दे, म्हणून सुदाम हात धुऊन मागं लागला होता. शेवटी काल म्हातारा म्हणाला, “एका बाटलीभर पेट्रोलात पुसेगाव ओलांडून दाखव. मग जीप तुझी. न्हाई जमलं तर वेटोळं भंगारात, आन् पुन्हा नाव काढायचं न्हाई.”

भावसिंगचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण पुसेगावचं नाव ऐकून सुदाम चपापला. त्याची बहीण मिना तिथंच, रस्त्याला लागून राहायची. धम्मानंदशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि बापानं बोलणं टाकलं. तिचं पोरगं दोन वर्षांचं झालं, आजानं तोंड पाहिलं नव्हतं. मागच्या साली भावसिंग तापानं दवाखान्यात पडला, तेव्हा ती धावत आली, तर हा भिंतीकडे तोंड करून झोपला. ती गेल्यावर मात्र घरी जायची कोण घाई! सलाइन लवकर संपावं म्हणून नळीवरची, धार कमी-जास्त करायची चक्री स्वतःच फिरवायचा. नर्सची बोलणी खाल्ली, पण खोड गेली नाही.

“दुसऱ्या रस्त्यानं जाऊ, बापू.”

“काहून? तिकडं उतार हाय. उतारावर बैलगाडी बी पळते. इकडूनच चल.”

म्हाताऱ्यानं आज धुतलेलं धोतर नेसलं होतं. बाटलीला ऊन लागतंय म्हणून त्यानं डोक्याचा रुमाल सोडून तिच्यावर गुंडाळला. सुदामनं किक मारली.

आणि गाडी पळाली! धूर नाही, कुरकुर नाही. सुदामला वाटलं, ओरडावं. पण धाकधूकही होतीच. नेमकी मिनाच्या गावात बंद पडली तर यंत्रही गेलं आणि बापाचा तमाशाही झाला. ‘सेवालाल महाराजा, पुसेगाव तेवढं ओलांडू दे,’ तो मनातल्या मनात विनवत होता.

“आलं का पुसेगाव?” मागून भावसिंगनं विचारलं.

“आलंच. शाळा दिसून राहिली.”

शाळा मागं पडली आणि गाडीला खोकला लागला. सुदामनं मूठ पिळली. दोन आचके देऊन गाडी थंड झाली. दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं.

“झालं? संपलं?” भावसिंग उतरला. बाटली रुमालासकट हँडलला अडकवली. “ढकल आता.”

ढकलत दोन घरं ओलांडली, तर पुढं अंगणात मिना तूर पाखडत बसलेली. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“बापू?”

भावसिंग थबकला. खाकरला. “ह्याच्या यंत्रापायी गाडी बंद पडली. न्हाईतर मी कशाला येतो इकडं? तांब्याभर पाणी दे.”

मिना आत पळाली. दारातून तिचं पोरगं दुडुदुडु आलं आणि त्यानं म्हाताऱ्याचं धोतर धरलं. भावसिंगनं त्याला उचलून छातीशी लावलं. “आजाला वळखत न्हाई व्हय रे, लबाडा?” म्हणत त्यानं पोराचा पापा घेतला. पाणी घेऊन आलेली मिना उंबऱ्यातच रडायला लागली. मग तिघं आत गेले.

रस्त्यावर सुदाम एकटा राहिला. बहिणीचं भलं झालं, याचा त्याला आनंद होता. पण यंत्र हरलं ते हरलंच, आणि शब्द म्हणजे शब्द. जड हातानं त्यानं वेटोळं सोडायला पाना काढला. आधी नळी काढावी म्हणून बाटलीवरचा रुमाल सोडला.

बाटलीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल होतं. नळीवरची चक्री पार शेवटापर्यंत आवळलेली होती.