राणीची सावली

राणीला थडग्यात ठेवून झाले होते. आता रिवाजाप्रमाणे तिच्यासोबत जायला तिचे केस विंचरणारी दासी इल्तानी विषाचा पेला घेऊन त्याच खड्ड्याच्या काठावर उभी होती.

"राणी हिला लाडाने 'माझी सावली' म्हणते, हे तूच गावभर मिरवलंस ना गं?" पुजारी इल्तानीच्या आईला म्हणाला. "मग देह गेल्यावर सावली मागे राहते का कधी?"

आईने वर पाहिले. सूर्य डोक्यावर आला होता, आणि तिला एकदम सुचले.

"महाराज, भरदुपारी सावली नसतेच! बघा, दिसते का कुठे? सोडा माझ्या लेकीला."

पुजारी खरोखरच वाकून जमीन न्याहाळू लागला. आईने लेकीचा हात घट्ट धरला.

"वेडी आहेस," तो मायेने म्हणाला. "दुपारी सावली पायाखाली जाते. राणीही तिथेच आहे."

आणि त्याने आईची बोटे एकेक करून सोडवली.